मावशीचं बयान

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. नोकरीत मी चोर पकडले, दरोडेखोर पकडले, ते किस्से घरी रंगवून सांगतो आणि नातवंडं तोंडात बोट घालून ऐकतात. हे प्रकरण मात्र घरात मी फारसं काढत नाही, कारण यातली सगळ्यात मोठी चूक माझ्या हातून होत होती आणि अगदी थोडक्यात टळली. नावं कुणाचीच देत नाही. बहुतेक माणसं आता हयात नाहीत, आणि जी असतील त्यांना उगीच त्रास नको.

महाराष्ट्र राज्य होऊन दुसरं वर्ष चालू होतं. मी मूळचा साताऱ्याकडचा. फौजदार म्हणून अकोल्याला बदली झाली तेव्हा सगळ्यांनी मला तिथल्या उन्हाची भीती घातली, भाषेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मराठीच तर आहे, त्यात काय शिकायचं, असं मीही धरून चाललो होतो. रुजू होऊन तीन आठवडे झाले नसतील, तोवर ठाण्यातल्या हवालदाराशी माझं दोनदा वाजलं होतं. हा हवालदार अकोटकडचा, वीस वर्षं नोकरी झालेला, शांत माणूस. रोजनामचा लिहिला का, असं विचारलं की म्हणायचा, "लिहून राहिलो साहेब." पाच मिनिटांनी वही मागवावी तर पान अर्धं कोरं. मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. तो वही उचलून पुन्हा लिहायला बसला.

एप्रिल संपत आला होता. एका सकाळी टपालात एका वृद्ध निवासाच्या व्यवस्थापिकेचा अर्ज आला. जठारपेठेच्या बाजूला एका ट्रस्टचं हे निवास होतं, तीसेक म्हातारी माणसं तिथं राहत. अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला जोडलेला होता. एक साठीच्या पुढची बाई भ्रमिष्ट झाली असून इतरांना तिच्यापासून धोका आहे, सबब पोलिसांनी तिला मॅजिस्ट्रेटपुढे हजर करून नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्याचा हुकूम मिळवावा, अशी विनंती होती. दाखल्यात लक्षणं दिली होती. बाई स्वतःला मेलेली समजते. जवळ नसलेली नातेवाईक इथेच राहायला आली आहे असं म्हणते. आपण निवासात आहोत याचं तिला भान नाही, घरीच राहतो असं सांगते. शिवाय पितळी तांब्याने खिडकीची काच फोडली.

कागद चोख होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिला कोर्टात हजर करायचं, अशी नोंद मी केली आणि दुसऱ्या कामाला लागलो.

दुपारी एक बाई ठाण्यात आल्या. वय पंचविशीच्या आसपास, पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायांवर धूळ. मी बसा म्हणेपर्यंत उभ्याच होत्या.

"ठाणेदार साहेब, माझ्या मावशीला वेडी ठरवलं आहे. ती वेडी नाही."

"प्रत्येक नातेवाईक असंच म्हणतो, बाई."

"प्रत्येक नातेवाईक धारणीहून दोन दिवस प्रवास करून येतो का?"

मी लेखणी खाली ठेवली. त्या धारणीच्या शाळेत शिक्षिका होत्या. आई लहानपणीच गेली, मावशीने वाढवलं. मावशीने अंजनगावला कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरी करून भाचीला अमरावतीला ट्रेनिंग कॉलेजात घातलं. घर बौद्ध, पाच वर्षांपूर्वी मावशी स्वतः नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. पुढे मावशी पडली, कमरेचं हाड मोडलं. त्याच सुमारास भाचीची बदली मेळघाटात, धारणीला झाली. तिथं राहायला धड खोली नाही, पावसाळ्यात रस्ता बंद. म्हणून खोली मिळेपर्यंत चार-सहा महिन्यांसाठी तिने मावशीला या निवासात ठेवलं होतं. आता खोली मिळाली होती, उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, ती मावशीला घेऊन जायला आली होती.

"मग घेऊन का नाही गेलात?"

"भेटूच देत नाहीत. भेटीची वेळ रविवारी तीन ते चार. मागच्या खेपेला बस घाटात बंद पडली, मी पाच वाजता पोचले. फाटकाबाहेरून हाक मारली. मावशीने खिडकीतून पाहिलं आणि काच फोडली. तेव्हापासून तिला कोंडून ठेवलंय. परवा पुन्हा गेले तर म्हणाल्या, भाची म्हणजे जवळचं नातं धरत नाही, आणि आता तर डॉक्टरांनीच भेट बंद केली आहे."

काचेचा खुलासा पटण्यासारखा होता. बाकीच्या लक्षणांचं काय, हे मी विचारलं. दाखला वाचून दाखवला. तिचा चेहरा उतरला. "ती असं बोलणार नाही," एवढंच ती म्हणाली.

मी तिला ठाण्यातच बसवून ठेवलं. बयान पढवलेलं नको म्हणून एकटाच निवासावर गेलो. कायद्याने हे माझं बरोबर होतं.

व्यवस्थापिकाबाई पुण्याकडच्या, इस्पितळातून निवृत्त झालेल्या, महिन्यापूर्वीच आलेल्या. मी त्यांना आडवे-तिडवे प्रश्न विचारले. जागा मोकळी करायची आहे का? कुणाचा दबाव आहे का? बाई जागच्या हलल्या नाहीत. निवास लख्ख होतं, चादरी धुतलेल्या, माठांवर ओली फडकी. त्यांनी नोंदवही समोर ठेवली. "मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. ती बोलली त्याचाच अर्थ लिहिला आहे. डॉक्टरांनी ही वही वाचली, दोन प्रश्न विचारले आणि दाखला दिला." आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं ऐकल्यामुळे मला खरं बोलणारं माणूस ओळखता येतं. ही बाई खरं बोलत होती.

मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली होती. कुलूप काढलं तशी आतून भट्टीची झळ यावी तशी झळ आली. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून पदर सावरला.

"कसं काय आजी?" मी विचारलं.

"मरून राहिली ना बापा इथं!"

मी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर गंमत नव्हती. "इथं म्हणजे कुठं? तुम्ही आता कुठं आहात?"

"मी घरी जाऊन राहिली. माही भाची येऊन राहिली."

मी मागे वळून पाहिलं. दारात मी, व्यवस्थापिका आणि मोलकरीण, एवढेच होतो. भाची ठाण्यात बाकावर बसलेली होती.

"भाची इथं आहे?"

"सांगतो ना, येऊन राहिली!" म्हातारी चिडली. "तुमाले आयकू येत नाही काय?"

मला फार वाईट वाटलं. मी कागद काढला आणि स्वच्छ भाषेत बयान लिहिलं: बाई आपण मेलो आहोत असे सांगते; आपण घरी राहत आहोत असे म्हणते; भाची येथे येऊन राहिली आहे असे ठामपणे सांगते. तिने अंगठा दिला. खोलीचं दार उघडं ठेवा, तिला प्यायला पाणी द्या, एवढं सांगून मी निघालो. त्या दिवशी मी केलेली शहाणपणाची गोष्ट तेवढीच.

ठाण्यात आल्यावर भाचीला काय सांगावं, हेच सुचेना. बयान तिच्यापुढे सरकवलं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "साहेब, हे तुमचे शब्द आहेत. मावशीचे शब्द सांगा. जसे बोलली तसे."

मी आठवून आठवून सांगितले. मरून राहिली. घरी जाऊन राहिली. भाची येऊन राहिली.

बाई उठून उभीच राहिली. इतका वेळ माझ्याशी शाळेतलं मराठी बोलत होती, ते एकदम गळून पडलं. "अवं साहेब! हे येड नोहे, हा वर्तमानकाळ होय!"

"म्हणजे काय?" मी विचारलं. मग तिने स्वतःला सावरलं आणि पोरांना समजवावं तसं मला समजावलं. इकडे 'येऊन राहिली' म्हणजे येते आहे. 'घरी जाऊन राहिली' म्हणजे आता घरी चालले आहे. आणि त्या पत्र्याखाली एप्रिलात कुणीही म्हणेल की मी मरून राहिली, म्हणजे उकाड्याने जीव चालला आहे.

तरी मला खात्री हवी होती. मी हवालदाराला हाक मारली. तो कपबशी हातात घेऊनच आला.

"काय करतोयस?"

"चहा पिऊन राहिलो साहेब."

कप अर्धा भरलेला होता. कपातून वाफ निघत होती.

मी त्या कपाकडे बघत बसलो. रोजनामच्याचं अर्धं पान आठवलं, मी त्याला दिलेली शिवी आठवली. "हवालदार, मी तुला खोटारडा म्हटलं तेव्हा तू सांगितलं का नाहीस?"

"मले वाटलं, साहेबाले घाई हाये," तो म्हणाला. मी त्याची तिथंच माफी मागितली. तो इतका संकोचला की चहा बशीत सांडला.

आता पुढचा घोर होता. दाखला देणारे डॉक्टर अमरावतीला गेलेले, आठवडाभर यायचे नव्हते. दाखला मागे घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. अर्ज कोर्टात नोंदवून झाला होता. आणि म्हातारीच्या अंगठ्याचं माझं बयान आता सरकारी कागद होतं, ते फाडता येत नाही. मी त्याखाली पुरवणी अहवाल लिहिला: वरील मजकुरात भाषा न समजल्याने माझी चूक झाली आहे. स्वतःच्या सहीखाली असं वाक्य लिहिताना हात जड होतो. एकदा हुकूम होऊन म्हातारी नागपूरला गेली असती, तर तिला तिथून सोडवायला धारणीच्या शिक्षिकेने किती वर्षं हेलपाटे घातले असते, कोण जाणे.

संध्याकाळी भाचीला घेऊन निवासावर गेलो. व्यवस्थापिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मोलकरीण रोज म्हणते, झाडून राहिली. ते मला बरोबर समजतं. हिचं का समजलं नाही?" उत्तर त्यांनीच दिलं, "काच फोडल्यापासून मी हिला वेडीच धरून चालले होते." मग स्वतः पुढे होऊन त्यांनी भाचीला आत नेलं. मी बाहेरच थांबलो. आतून आधी रडणं ऐकू आलं आणि मग दोघींचं वऱ्हाडीत भरभर बोलणं, त्यातलं मला निम्मंही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मॅजिस्ट्रेट साहेबांनी माझं पहिलं बयान मोठ्याने वाचलं. "हे तुम्ही लिहिलंत?" मी उभा राहून होय म्हणालो, आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. तपासणीसाठी बोलावलेले सरकारी डॉक्टर नागपूरकडचे होते, त्यांना हसू आवरेना. मॅजिस्ट्रेट मुंबईचे. ते मात्र गंभीर होते. त्यांनी म्हातारीलाच विचारलं, "बाई, तुम्ही मेल्या आहात असं तुम्हाला वाटतं का?"

म्हातारी भाचीच्या खांद्याला धरून उभी होती. "मेलेल्या मानसाले समन धाडता काय तुमी कोर्टात?"

"तुम्हाला नागपूरला पाठवायचं आहे असं अर्जात म्हटलं आहे."

"नागपूरले मी एकदा गेली, दीक्षेले. राजीखुशीनं गेली. आता काहून नेता मले?"

कोर्टात कुणी हसलं नाही. मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्मा काढून पुसला. वार, महिना, गाव, भाचीचा हुद्दा, सगळं विचारलं. म्हातारीने सगळं बिनचूक सांगितलं. वर, धारणीच्या शाळेला अजून पत्रे नीट बसवलेले नाहीत, हेही सुनावलं. सरकारी डॉक्टरांनी तपासून ती शहाणी असल्याचं लिहून दिलं. अर्ज फेटाळला, ताबा भाचीकडे. मी कोर्टाच्या व्हरांड्यात आलो. इतकं हलकं मला एखादा गुन्हा शाबीत होऊनसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

व्यवस्थापिकाबाई म्हातारीचं बोचकं स्वतः घेऊन आल्या होत्या. त्यांनी तिचे हात हातात धरले. म्हातारीने आधी तोंड फिरवलं, मग म्हणाली, "चादर चांगली धुवत होती तू." तेवढ्यावर मिटलं.

त्यानंतर मी बयान लिहायची पद्धत बदलली. माणूस जसा बोलेल तसं लिहायचं, आपली भाषा त्याच्या तोंडी घालायची नाही. वरिष्ठांनी एक-दोनदा अशुद्धलेखनाचा शेरा मारला, तो मी घेतला. या प्रकरणाने मला आणखी एक शिकवलं. एखाद्याला आपण वेडा, चोर किंवा लबाड ठरवून टाकलं की त्याचं साधं बोलणंसुद्धा पुरावा वाटायला लागतं. त्या महिन्याभरात म्हातारीचं ऐकणारी दोन माणसं होती, डॉक्टर आणि व्यवस्थापिका. तिसरा मी. तिघंही शिकलेले, तिघंही प्रामाणिक. तिला वाचवलं ते फाटकाबाहेर उभं राहून हाक मारणाऱ्या भाचीने.

भाचीचं आणि आमचं पत्र येणंजाणं राहिलं. आठ वर्षांनी, माझी बदली नाशिकला झालेली असताना, धारणीहून कार्ड आलं. मावशी गेली होती, घरातच, तापाने. कार्डावर शेवटी लिहिलं होतं: "अखेरच्या चार दिवसांत ती खरोखरच असंबद्ध बोलत होती. कधी मला आई समजायची, कधी जिनिंगमधल्या बायकांना हाका मारायची. आम्ही काहीच दुरुस्त केलं नाही. जवळ बसून ऐकत राहिलो."