उंबऱ्याबाहेरचं ताट

मेहकरला माझ्या सासरी माहेरचा गडी निरोप घेऊन आला, तो उन्हाने पार करपून. दारातच म्हणाला, "काकाजी गेले, बाई. पण तुमच्या बाबानं सांगतलं, सुतक धरू नोका. त्याइचं सुतक एक खेप झालं हाय." त्याला पाणी दिलं आणि आत जाऊन मी रडले. एका माणसाला एकच सुतक… माझ्या वडिलांचा व्यवहार पहिल्यापासून असा चोख!

शामराव काकाजी म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वरवट बकालजवळच्या आमच्या गावातून ते आजोबांशी भांडून निघाले आणि मध्यप्रांतात रेल्वेच्या रुळांवर गँगमन झाले. ना निरोप, ना चिठ्ठी. इकडे काकू रोज त्यांचं ताट वाढायची, झाकून ठेवायची आणि सकाळी गुरांना घालायची. त्यांचा एकुलता मुलगा तापाने गेला, त्या रात्रीही चुलीपुढे ते ताट होतंच. बारा वर्षं पत्ता नाही तो माणूस मेला असं धरायचं, या आमच्याकडच्या चालीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून काकाजी म्हणून जाळला आणि सुतक धरलं. काकूच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तेव्हापासून तिने ताट बंद केलं.

आणि पुढच्याच पोळ्याला काकाजी शेगावच्या ठेसनावर उतरून, पायी चालत, घरी आले.

पंच बसले. त्यांच्या अकलेचे दिवे काय सांगू! बाई विधवा आहे, तेव्हा शामरावाने तिच्याशी पाट लावावा, असं ठरलं. विधवेशी करतात तसलं दुसरं लग्न, आणि तेही स्वतःच्याच बायकोशी! काकाजी त्यालाही तयार होते. त्यांना फक्त घरात यायचं होतं. काकू मात्र उंबऱ्यातून हलली नाही.

"घर हाय तिथंच हाय, म्हून तुमी वापस आले," ती म्हणाली. "पोरगं गेलं त्या राती वापस जाता येते काय तुमाले? तिथं जाऊन या. मंग घरात या."

काकाजी मरेपर्यंत गोठ्यात राहिले. भाकर गोठ्याच्या दारात मिळायची, शब्द मिळत नव्हता. एकदा मी माहेरी गेले तेव्हा ते म्हणाले, "पोरी, रुळाचं बरं असते. गाडी जाते, तशी वापस येते. मले वाटलं, दिवस बी तसेच असतीन… माणूस मागच्या ठेसनावर जाऊ शकते, मागच्या दिवसावर नाही." आणि हसले. मला ते हसणं सोसलं नाही. तशीच उठून मी काकूकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. ती भांडी घासत राहिली. दगड आहे ही बाई, असं मला तेव्हा वाटलं.

आता काकाजींना जाळलं तेवढंच. दहावं नाही, तेरावं नाही. प्रेत उचललं तेव्हा काकूचा हात आपल्या मनगटाकडे गेला म्हणे. तिथे फोडायला काही नव्हतं.

परवा मी जाऊन आले. गोठ्यात काकाजींच्या जागी बैल बांधलाय. घरात चुलीपुढे, त्यांच्या जुन्या जागेवर, ताट वाढून झाकलेलं होतं. माझा तोल सुटला. "काकू, जित्या माणसाले उंबरा ओलांडू देला नाही, अन् आता घरात ताट?"

तिने झाकण सारखं केलं.

"मागल्या खेपेले म्या घाई केली, पोरी," ती म्हणाली. "ताट बंद केलं, अन् ते आले."