आधी हात हलव

जॉबरकाकांना नवरी दाखवा, ते तिच्या बांगड्यांकडे पाहायचे. वरात दाखवा, ढोलवाल्याच्या काठीकडे. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणारा बुऱ्हाणपुरातला हा एकच माणूस असेल, ज्याला नवरा-नवरीचे चेहरे कधी आठवत नसत. "थांबलेला माणूस सगळ्यांचाच चांगला येतो," ते म्हणायचे, "हललेला दाखव."

जॉबर म्हणजे पॉवरलूमच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा मिस्त्री. काकांनी अर्धं आयुष्य ते काम केलं, मग कारखाना बंद पडला तसा घरातच कॉम्प्युटर मांडला. लोक हसले. मी बहादरपूरचा, लग्नांचं शूटिंग करणारा. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग एडिटिंग शिकायला त्यांच्याकडेच जाऊ लागलो.

तेव्हा माझ्याकडे दोन कॅमेरे होते, एक जुना कॅसेटचा, एक नवा. दोघांचं चित्रण एकत्र जोडलं की हलणाऱ्या प्रत्येक हाताच्या कडेला फणीसारखे दात दिसायचे. कोणी म्हणालं व्हायरस, कोणी म्हणालं केबल बदल. काकांनी एकदाच पाहिलं. "चित्र पण कापडच आहे रे, ओळी-ओळीने विणलेलं. तुझा एक कॅमेरा एक-तीन-पाच ओळी पहले टाकतो, दुसरा दोन-चार-सहा. अन् तू दोघांना एकाच मागावर चढवून राहिला."

खकनारच्या एका लग्नात मी घाईने सोपा उपाय केला. एक बटण होतं, ते अर्ध्या ओळीच काढून टाकायचं. दात गायब! मी ऐटीत काकांना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा काढला. "फणी गेली. पोरीचे डोळे पण गेले. अर्धे धागे उपटून मच्छरदाणी केली तू." सगळं काम त्यांनी मला पहिल्यापासून करायला लावलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पण तेव्हापासून माझ्या कामात फणी सापडलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

त्यांचा एक कायदा होता. नव्या किंवा दुरुस्त होऊन आलेल्या कॅमेऱ्याने लग्न घेण्याआधी दहा सेकंद हलणारा हात घ्यायचा, म्हणजे त्याची कोणती ओळ आधी येते ते कळतं. "आधी हात हलव!" आणि दुसऱ्या कोणाचा हात त्यांना पटत नसे. स्वतःच दाराशी उभे राहायचे आणि दाढ दुखत असल्यासारख्या चेहऱ्याने उजवा हात डावी-उजवीकडे हलवायचे. एरवी कॅमेऱ्यापुढे येतील तर शपथ. मुलीच्या लग्नातसुद्धा ते कॅमेऱ्यामागेच होते.

गेल्या हिवाळ्यात काका अचानक गेले. तेरावं झाल्यावर काकूंनी मला विचारलं, "इतक्या लोकांच्या शादीचे पिक्चर बनवले त्यांनी. त्यांचा स्वतःचा हलता तुकडा एक पण नाही का रे?"

मी नाही म्हणालो. घरी पोचल्यावर आठवलं. नव्या कॅमेऱ्यांची कार्डं पुसून गेली होती, पण कॅसेटी आणि जुन्या कॉम्प्युटरमधलं थोडंफार शाबूत होतं. शोधून शोधून नऊ तुकडे निघाले, पाच कॅमेऱ्यांचे. जोडले, तर काकांचा हात दोन पावलं पुढे, एक मागे, झटके खात होता. पहिल्यांदाच विचारायला कोणी नव्हतं. ते सोपं बटण समोरच होतं. मी ते दाबलं नाही. एकेक तुकडा तपासून त्याच्या ओळींचा क्रम लावला. दुपार त्यातच गेली. शेवटी हात सरळ हलला, आणि चष्म्याची काडीसुद्धा स्वच्छ दिसली. मला रडू आलं आणि अभिमानही वाटला.

काकूंना दाखवलं. एका दाराशी नऊ वेळा काका, दरवेळी केस थोडे कमी, हात तसाच. काकू खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकल्या.

"घरातून निघताना या माणसाने कधी मागे वळून हात नाही केला," त्या म्हणाल्या. "आता पाहा, किती वेळ करून राहिले."

मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "परत लाव."