मारून राह्यलो हो बाई

हातोडा उचलण्याआधी चाचा डोळे मिटायचे. जुन्या लुंगीचं पातळ फडकं डाव्या हाताला गुंडाळून तळवा पत्र्यावरून हळूहळू फिरवायचे. तळवा मध्येच कुठेतरी थांबायचा. "इथी झूट आहे," असं ते पत्र्यालाच सांगायचे, डोळे उघडायचे आणि नेमक्या त्या जागी असा घाव घालायचे, की रस्त्यापलीकडे माझ्या खोलीतला स्टीलचा गिलास वाजायचा.

झूट म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उंचवटा किंवा खळगा. हा अर्थ मला फार उशिरा कळला. सुरुवातीला वाटायचं, म्हातारा वेडा असावा, पत्र्याला खोटारडा म्हणतो आणि मारतो. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याची आधी भीती वाटते आणि मग सवय होते. भीती कधी संपली आणि सवय कधी लागली, हे आपल्याला सांगता येत नाही.

मी नागभीडजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. ब्रह्मपुरीला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत वडिलांनी खोली करून दिली, तेव्हा समोर टिनाचं शेड आहे एवढंच त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा दुपार होती आणि चाचा शेडमध्ये जेवून झोपले होते. त्यामुळे वडील म्हणाले, "जागा शांत आहे माय, अभ्यास होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक उघडलं आणि पहिला घाव पडला.

चाचांचं खरं काम काय आहे, हे गल्लीत कोणालाच नीट सांगता यायचं नाही. ते जीपचे, ट्रॅक्टरचे चेपलेले पत्रे सरळ करायचे, पण ते पोटासाठी. तरुणपणी ते मुंबईला एका गॅरेजात होते. तिथे जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या कुजलेल्या बॉड्या काढून टाकायचे आणि सपाट पत्र्यापासून हातानं नव्या घडवायचे. घावांनी कान गेले, तेव्हा ते गावी परतले. तरी माहितगार लोक त्यांना शोधत इथपर्यंत यायचे. मी आले त्या वर्षी नागपूरच्या एका शौकीन साहेबांनी ट्रकमधून अशाच एका गाडीचा लोखंडी सांगाडा पाठवला होता. दोनच माणसांची बसायची जागा, आणि पुढचं तोंड मगरीसारखं लांब. चाचांनी सागवानी फळ्या कापून तिच्या आकाराचा लाकडी साचा केला होता. त्यावर एकेक तुकडा घडून बसत होता. साहेबांना गाडी रंगाशिवाय हवी होती. पत्रा उघडाच चमकला पाहिजे, खळगे बुजवायच्या पुट्टीचा एक थेंब नको. चाचा तिला "नंगी गाडी" म्हणायचे, तेही मोठ्यांदा, कारण त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू यायचा नाही. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

पुट्टीचा त्यांना फार राग. एकदा एका जीपवाल्याला जंगलाच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं गेलं. बोनेट आत गेलं होतं, त्यावर डुकराचे केस आणि वाळलेलं रक्त तसंच होतं. तो चाचांच्या कानाशी येऊन म्हणाला, "चाचा, जादा मेहनत नोका करू. पुट्टी भरा अन् द्या."

चाचांनी मोठा घण उचलला आणि बोनेटचा जो भाग शाबूत होता तोही ठोकून चेपवला. जीपवाला कपाळाला हात लावून ओरडला, "अरे बाप्पा! काय करून राह्यले?"

"आता नाई भरत पुट्टी," चाचा म्हणाले. "आता पूरा बनवा लागते. चाल, चहा पी."

संध्याकाळी ते बोनेट नव्यासारखं झालं. जीपवाल्याच्या चेहऱ्यावरची भीती मात्र गेली नव्हती.

पत्र्यावरही त्यांची माया नव्हती. चिंचेच्या एका जाड खोडात त्यांनी वाटीसारखा खड्डा कोरला होता. अॅल्युमिनियमचा पत्रा त्यावर धरायचा आणि लाकडी मोगरीनं बडवायचा, बडवायचा, पोट येईपर्यंत. मार खाऊन पत्रा कडक होतो. मग ते त्यावर कपड्याचा साबण घासायचे आणि गॅसची ज्योत फिरवायचे. साबण काळा पडला की ज्योत बंद. पत्रा पुन्हा नरम, पुन्हा मार. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नव्हतं. पत्र्यानंच कापलं होतं. "घेतलं तं घेतलं साल्यानं," असं ते म्हणायचे, जणू दोघांचं जुनं वैर होतं.

उजव्या चाकावरचं मडगार्ड झालं. ते इतकं सुंदर होतं, की पोरं त्यात आपले वाकडे चेहरे पाहायला यायची. डावं करायला पुष्कळ दिवस लागले. तेही झालं. चाचांनी डोळे मिटले, एक हात उजव्यावर, एक डाव्यावर ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. मग घण घेतला आणि डाव्याचा चोळामोळा करून टाकला. मी दारातून ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पळत त्यांच्या कानाशी गेले.

"काऊन तोडलं चाचा? चांगलं तं होतं!"

"चांगलं होतं," ते धापा टाकत म्हणाले. "जोडी नव्हती, कॉलेजवाली. एकटं चांगलं असून काय करते?"

त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून मी दोन पावलं मागे सरकले, हे मला आठवतं.

त्याच सुमारास माझी ताई माझ्याकडे राहायला आली. राहायला आली असं आम्ही शेजाऱ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ती सासरहून निघून आली होती. भाऊजी तिला मारायचे. पाठीवर, मांडीवर, म्हणजे लुगड्याखाली दिसणार नाही अशा ठिकाणी. ती ब्लाऊज शिवायची. समोर पहिला घाव पडला की तिच्या हातातली कात्री खाली पडायची. भिंतीला पाठ लावून, दोन्ही कानांवर हात ठेवून ती बसून राहायची. तिची नजर दाराकडे असायची.

मी चाचांकडे जाऊन काही बोलले नाही. काय बोलणार होते? काम बंद करा म्हणून? पण एकदा ताई नळावर पाणी भरत असताना घाव पडला आणि तिच्या हातून हंडा सुटला. चाचांनी ते पाहिलं. हंड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती कानांवर हात ठेवून गल्लीच्या मध्यभागी उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच गोष्ट सुरू झाली. फडकं गुंडाळलं, डोळे मिटले, तळवा फिरवला, झूट सापडलं, आणि घाव घालण्याआधी चाचा आमच्या खोलीकडे तोंड करून गरजले, "मारून राह्यलो हो बाई!"

ताईनं दचकून माझ्याकडे पाहिलं. तिनं कानांवर हात ठेवले. मग घाव पडला.

दर वेळी हे व्हायचं. चहा पिऊन आले, मारून राह्यलो हो बाई. जेवून उठले, मारून राह्यलो हो बाई. पोरांना खेळच मिळाला. ती क्रिकेटमध्ये बॉल टोलवण्याआधी तसंच ओरडायची. शेजारचे मास्तर म्हणायचे, "हा म्हातारा आता मच्छर मारतानाही सांगणार." हळूहळू असं झालं, की हाक आली की ताई कात्री बाजूला ठेवायची, कानांवर हात ठेवायची, घाव पडू द्यायची आणि पुन्हा कापायला लागायची. भिंतीला पाठ लावणं तिनं सोडलं. कोणी मारण्याआधी सांगावं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

भाऊजी आले तेव्हा भर दुपार होती. मी कॉलेजातून येऊन पायरीवर चपला काढत होते. ते सरळ आत गेले आणि त्यांनी ताईला वेणीला धरून बाहेर काढलं. मी मध्ये पडले, तर त्यांनी मला कोपरानं ढकललं. माझं डोकं चौकटीवर आपटलं. ताई हात सोडवून रस्त्यापलीकडे शेडकडे पळाली आणि तिथल्या खांबाला तिनं मिठी मारली. भाऊजी मागोमाग गेले. एका हातात पुन्हा वेणी. दुसरा हात त्यांनी आधारासाठी चिंचेच्या खोडावर टेकवला आणि तिला ओढू लागले. ती सुटेना. त्यांनी तिचं डोकं खांबावर आपटलं. टिनाचं शेड वरपर्यंत थरथरलं.

चाचा गाडीमागून बाहेर आले. हातात मोगरी होती.

"हे घरचं आहे, तुमी नोका पडू यात," भाऊजी म्हणाले. "माही बायको आहे. इज्जतीनं नेऊन राह्यलो. हात बी नाई लावला तिले."

ऐकू आलं की ओठांवरून कळलं, ठाऊक नाही. ताईच्या भुवईतून रक्त वाहत होतं. चाचांनी ते पाहिलं.

"झूट," ते म्हणाले. आणि मग नेहमीच्याच आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "मारून राह्यलो हो बाई!"

ताईनं खांब सोडून कानांवर हात ठेवले. मोगरी खोडावर टेकलेल्या हातावर आली. पत्र्यावर पडते तसा आवाज झाला नाही. ओलं लाकूड मोडतं तसा झाला. भाऊजी किंचाळले, वेणी सुटली, ते खाली पडले.

इथे थांबता आलं असतं. मी हे किती तरी वेळा मनात मांडून पाहिलं आहे. ताई सुटली होती, माणूस पडला होता. पण चाचा थांबले नाहीत. खांद्यावर, पाठीवर, मांडीवर त्यांनी मारलं, आणि या वेळी कोणाला काही सांगितलं नाही. त्यांचा चेहरा डावं मडगार्ड तोडताना होता तसा होता. भाऊजी "चाचा, चाचा" म्हणत होते, एखाद्या पोरासारखे. मास्तरांनी आणि पाण्याच्या कॅनवाल्यानं मागून धरलं, तेव्हा कुठे मोगरी खाली पडली. उघड्या पत्र्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते आणि उन्हात ते फार लाल दिसत होते.

पोलीस आले तेव्हा चाचा खोडाशेजारी बसले होते. "मी मारलं," एवढंच ते म्हणाले.

भाऊजींची बोटं पुन्हा नीट वळणार नाहीत, असं दवाखान्यात सांगितलं. मग सासरची माणसं आमच्या खोलीत येऊन बसू लागली. त्यांचं म्हणणं एकच होतं. ताईनं लिहून द्यावं, की नवरा प्रेमानं न्यायला आला होता आणि म्हातारा उगाच पिसाळला. आणि मग घरी येऊन त्या मोडक्या हाताच्या माणसाची सेवा करावी. "तुह्यापायीच तं झालं ना हे?" सासू म्हणाली. आमचे वडीलही मान खाली घालून म्हणाले, "जा माय आता. त्याले शिक्षा भेटली. आता काय मारते तो, त्या हातानं?"

ताई म्हणाली, "दुसरा हात आहे ना बाबा."

पण जाणार की नाही, हे तिनं सांगितलं नाही. वडिलांसमोर तिला आवाज चढवता यायचा नाही. सासरच्यांनी न्यायचा दिवसही ठरवून टाकला.

ठाण्यात ती माझ्यासोबत गेली आणि तिनं सगळं सांगितलं. वेणी सांगितली, खांब सांगितला, जुने मार सांगितले. मग हेही सांगितलं, की माणूस पडल्यावरही चाचा मारत होते. मी तिचा हात दाबला. तिनं तो सोडवून घेतला.

"बाई, तुम्ही नेमकी कोणाची बाजू घेता?" ठाणेदार साहेबांनी विचारलं.

"बाजू नाई घेऊन राह्यली साहेब. झालं ते सांगून राह्यली."

चाचा जामिनावर सुटून आले तेव्हा मला वाटलं होतं, ते चिडले असतील. मी घाबरतच त्यांना ताईचं बोलणं सांगितलं, कानाजवळ जाऊन, दोनदा.

"बरोबर सांगतलं तिनं," ते म्हणाले. "पहिला घाव कामाचा होता. बाकीचे माझे होते."

त्यानंतर त्यांनी मोगरी उचलली नाही. नागपूरचे साहेब ट्रक घेऊन आले, खूप विनवलं. चाचा म्हणाले, "हाताले आता समजत नाई कुठी थांबाचं." डाव्या मडगार्डशिवायच ती गाडी ताडपत्रीत गुंडाळून गेली. ती पुढे कोणी पूर्ण केली, मला माहीत नाही. शेडमध्ये आता मोटारसायकली धुतात. पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज येतो, अभ्यास चांगला होतो.

चाचांची मुलगी धानोऱ्याला दिली होती. तिथे जायला ते निघाले, त्या दिवशी आम्ही दोघी स्टँडवर गेलो. जीप भरत आली होती. चाचा खिडकीशी बसले होते, मांडीवर कपड्यांची पिशवी. आमच्याकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि समोर बघू लागले.

ताई खिडकीजवळ गेली. "चाचा," ती नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "मी वापस नाई जाऊन राह्यली."

"आँ?"

"मी वापस नाई जाऊन राह्यली सासरी."

"गाडीचा आवाज आहे. काय म्हणते?"

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. ताईनं पदर खोचला, खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओरडली. माझ्या ताईला मी आयुष्यात ओरडताना ऐकलं नव्हतं.

"मी नाई जात त्याच्या घरी! कधीच नाई जात! कोनी नेलं तरी नाई जात!"

केळीवाला वळून पाहू लागला. तिकडे बसमधून डोकी बाहेर आली. त्यात सासरच्या गावचीही दोन माणसं होती, आणि त्यांनी ऐकलं. ताई लालबुंद झाली होती, पण खिडकी तिनं सोडली नाही.

चाचा तिच्याकडे नीट, डोळे उघडे ठेवून, बघत राहिले.

"इतकी काऊन ओरडते बाई?" ते म्हणाले. "मी का बहिरा आहो?"

जीपमधली सगळी माणसं हसली. ताईही हसली, आणि जीप निघाली तशी तिच्यासोबत थोडं अंतर चालत गेली.