दगड गिळलेलं झाड

मिस्त्रीचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. सॉमिलमधलं ओंडके कापायचं, आरीवाल्याचं काम सुटून बरीच वर्षं झाली होती. भोंगा बंद पडला, मिलच्या जागी गोदाम आलं, पण त्याचा डोळा पाचला उघडायचा तो उघडायचाच. उठून करायचं काय? मग तो अंगण झाडायचा. झाडलेलं पुन्हा झाडायचा.

"अंगण झिजेल हो," बायको दारातून म्हणाली. "त्यापेक्षा आज तरी पाटीचं बघा."

पाटी म्हणजे दारावर लावायची नावाची पितळी पाटी. मजुरीतून भिंती उठल्या, छप्पर आलं, पोरांची शिक्षणं आणि लग्नं झाली. पाटी तेवढी राहिली. शेवटच्या पगारातून तिच्यासाठी बाजूला काढलेले पैसे अजून डब्यात होते.

"आज नक्की. नातीला कंपाउंडरचं संग्रहालय दाखवतो आणि येताना कोरणाऱ्याकडे जातो."

"गेल्या वर्षीही नक्कीच होतं."

संग्रहालय म्हणजे म्हाताऱ्या कंपाउंडरच्या घराच्या मागच्या खोल्या. जन्मभर दवाखान्यात पुड्या बांधता बांधता त्याने निसर्गाचे चमत्कार गोळा केले होते. तिकीट नव्हतं. चपला बाहेर काढायच्या आणि कशाला हात लावायचा नाही, एवढाच नियम. औषधाच्या बरणीत दोन डोक्यांचं कोकरू होतं, भोपळ्याएवढं गांधीलमाश्यांचं पोळं होतं, बैलाच्या पोटातून निघालेला केसांचा चेंडू होता. बदकासारखा एक बटाटाही होता, वाळून सुरकुतलेला.

"आजोबा, हा तुमच्यासारखा दिसतो," नात म्हणाली.

"माझं नाक बरं आहे त्याच्यापेक्षा."

हसतहसत तो शेवटच्या खोलीत शिरला आणि उंबऱ्यातच थबकला. समोर स्टुलावर ओंडक्याचा एक जाड तुकडा उभा होता. लाकडाच्या पोटात नारळाएवढा काळा दगड, आणि दगडावर आरीच्या दात्यांचा पांढरा ओरखडा. तो ओरखडा त्याच्या हातचा होता.

नातीने खालचा पुठ्ठा मोठ्याने वाचला. "दगड गिळलेलं झाड. ठोकणाऱ्याची नजर चुकली आणि आरीचा पट्टा तुटला. आजोबा, ठोकणारा म्हणजे?"



ठोकणारा म्हणजे बुटक्या. ताडासारखा उंच, म्हणून मिलमध्ये सगळे त्याला बुटक्या म्हणायचे. ओंडका ट्रॉलीवर चढला की बुटक्या हातोडी घेऊन त्याला पूर्ण फेरी मारायचा. ठोकत जायचा, सालीवरून हात फिरवायचा. आत कुठे खिळा किंवा तार असली तर आवाज बदलतो, साल फुगलेली लागते. फेरी पुरी झाली की तो ओरडायचा, "साफ!" ती हाक कानावर पडल्याशिवाय आरीवाल्याने ट्रॉली ढकलायची नाही. मिलमध्ये मालकाच्या शब्दापेक्षा ही हाक मोठी होती.

त्या दिवशी पाळीचा शेवटचा ओंडका होता. बुटक्या पलीकडच्या बाजूला होता, हातोडीचा आवाज येत होता. घरी जायची घाई मिस्त्रीला. त्याने ट्रॉली ढकलली. कर्कश किंचाळी उठली, पट्टा तुटून छताला जाऊन आदळला. कोणाला लागलं नाही, तेवढं नशीब.

मालक धावत आला. "साफ म्हटलं होतं का याने?"

"म्हटलं होतं," मिस्त्री म्हणाला.

चांगला आरीवाला सहज मिळत नाही, ठोकणारा मिळतो. बुटक्याला त्याच संध्याकाळी काढलं. मालकाने दगडाभोवतीचा तुकडा कापून त्याच्या पुढ्यात टाकला. "घेऊन जा तुझा दगड!" पुढे बुटक्याने बाजारात ओझी वाहिली, पाठ गेली तोवर.

इतकी वर्षं मिस्त्रीने स्वतःची एकच समजूत घातली होती. दगड खोल होता, फेरी पुरी झाली असती तरी कळलं नसतं. तुकड्याची सालीकडची बाजू त्याने त्या दिवशी पाहिली नव्हती. तिकडे जायला पायच उचलले नव्हते.

आता तो मागे गेला. नियम मोडून हात लावला. सालीवर चांगलं मुठीएवढं टेंगूळ होतं. आंधळ्यालाही लागलं असतं.

"मिस्त्री, हात नको," कंपाउंडर दारातून म्हणाला, आणि त्याचा चेहरा पाहून थांबला.

"ते खालचं कोणी लिहिलं?"

"मीच. तुमच्या मालकाने सांगितलं तसं. ज्याने हे आणून दिलं त्यालाही विचारलं होतं. तो म्हणाला, सांगितलंय तेच लिहा. दर रविवारी येतो बिचारा, लाकडाला तेल लावायला."

कोरणाऱ्याच्या दुकानात कारागिराने पितळेचा पत्रा पुढे ठेवला. "नाव काय घालायचं?"

 मिस्त्रीने नावाऐवजी दुसरंच काही कोरायला सांगितलं. नात त्याच्याकडे बघतच राहिली.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं.  त्या दिवशी त्याचं जेवण तिने वाढून झाकून ठेवलं आणि शेजारी बसली नाही.

रविवारी तो पाटी आणि पेचकस घेऊन संग्रहालयात गेला. बुटक्या आधीच आला होता. कमरेत वाकलेला, हातात तेलाचं फडकं. मिस्त्रीने पाटी पुढे केली. बुटक्याने ती उजेडात धरून सावकाश वाचली.

'दगड गिळलेलं झाड. ठोकणाऱ्याने साफ म्हटलं नव्हतं. आरीवाला थांबला नाही, आणि खोटं बोलला.'

"टेंगूळ पाहिलंस?" त्याने विचारलं.

"पाहिलं."

"मी तिथेच पोचत होतो."

बुटक्याने पाटी त्याच्या हातात परत दिली.

"तेव्हा खरं का नाही बोललास रे?"

"वाटलं, नोकरी जाईल."

"गेलीच की. माझी."

 मिस्त्री गुडघ्यावर बसला. पुठ्ठा काढला, पाटी धरली, स्क्रू पिळले.  बुटक्या वर उभा राहून पाहत होता.

"वाकडी बसली," तो म्हणाला. "काढ. परत लाव."

मिस्त्रीने काढली. परत लावली. बुटक्याने पाटीच्या कडेवरून अंगठा फिरवला, जसा पूर्वी सालीवरून फिरवायचा. मिस्त्री खालीच बसून राहिला, 'साफ'च्या हाकेची वाट पाहत. हाक आली नाही. फडकं घेऊन बुटक्या लाकडाच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि तेल लावू लागला.

मिस्त्री घरी आला तेव्हा दारावर बायकोने खडूने आडनाव लिहून ठेवलं होतं. पावसाने पुसलं की ती पुन्हा लिहिते. मजुरीतलं पितळ कंपाउंडरच्या मागच्या खोलीत आहे.