मुजावर सिस्टर आणि पिवळी पट्टी

मुजावर सिस्टर मुलांच्या वॉर्डात शिरल्या की रडणाऱ्या पोरांकडे ढुंकूनही बघत नसत. एखादी आई हात धरून म्हणायची, "आवं सिस्टर, कवाचं रडतंय हो हे!" त्या चालता चालताच म्हणायच्या, "रडतंय न्हवं? मग दम हाय त्याच्यात. गप पडलंय ते कुठाय, ते दाखवा." आणि भिंतीकडे तोंड करून निपचित पडलेल्या एखाद्या मुलाच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहायच्या.

मी त्यांना भेटले तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या. नोकरीची बहुतेक वर्षं मुलांच्या वॉर्डात गेलेली. आता त्या सातारा-सांगलीकडच्या छोट्या रुग्णालयांत फिरून डॉक्टरांना आणि नर्सना एकच गोष्ट शिकवत: अपघात, पूर, आग, काहीही होऊन एकदम वीस मुलं दारात आली, तर हात आधी कोणाला लावायचा. जतकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी इनचार्ज सिस्टर होते. प्रशिक्षणाची तयारी माझ्याकडे होती. उपस्थितांची यादी, वेळापत्रक, चहाच्या वेळा, सगळं मी टाइप करून ठेवलं होतं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, "माने सिस्टर, यात पोरं कुठायत?"

"पोरं?"

"पोरांचं शिकायचं तर पोरं नकोत? का ह्या डॉक्टरांनाच रांगायला लावू?"

दुसऱ्या दिवशी जवळच्या शाळेतली पंधरा मुलं आणि त्यांच्या आया आल्या. प्रत्येक मुलाला सिस्टरांनी कानात सांगितलं: तू ओरडायचं, तू लंगडायचं, तू डोळे मिटून पडायचं. आयांना सांगितलं, "तुमी फक्त डॉक्टरांना सोडू नका." त्यांच्या पिशवीत चार रंगांच्या कापडी पट्ट्या होत्या. लाल म्हणजे आत्ताच, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, हिरवी म्हणजे चालत-बोलत आहे, काळी म्हणजे आता काही करता येणार नाही. एका मुलाला अर्धं मिनिट द्यायचं, मनगटाला पट्टी बांधायची आणि पुढे जायचं.

आमचे साळुंखे डॉक्टर हुशार आणि मनाने मऊ. एका आईने असा काही टाहो फोडला, की ते तिच्या मुलाचा खरचटलेला गुडघा धूत बसले. सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. "डॉक्टर, तुमच्या पायापाशी एक पोरगं कवाचं गप पडलंय. ते मेलं."

खालून आवाज आला, "न्हाई मेलो! मला मुंग्या चावायल्यात!"

सगळे हसले. सिस्टर नाही हसल्या. माझीही त्यांनी गय केली नाही. मी सवयीप्रमाणे वही उघडून नाव, गाव, वय विचारत होते. त्यांनी वही माझ्या हातून घेतली आणि खिडकीत ठेवली. "नाव मागनं. आधी श्वास, मग नाडी, मग तोंडाचा रंग. मोठ्या माणसाचं काळीज बऱ्याच वेळा आधी थांबतं. पोराचं उलटं असतं. श्वास आधी जातो आन् नाडी थोडा वेळ मागं रेंगाळती. तेवढ्याच वेळात आपलं काम. श्वास न्हाई पण नाडी लागली, तर पाच श्वास द्यायचे. ते दिल्याबिगर काळी पट्टी बांधायची न्हाई."

मी ते लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे आलं, असं मला तेव्हा वाटायचं.

काही महिन्यांनी, मार्चअखेरीस, त्या उजळणीसाठी पुन्हा आल्या होत्या. दुपारी जेवणं उरकून आम्ही हात धूत होतो, तेवढ्यात वारं सुटलं. पत्रे वाजायला लागले. पंधरा मिनिटांत फोन आला. जवळच्या गावात शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मंडप कोसळला होता आणि नाचाला तयार झालेली मुलं कापडाखाली अडकली होती.

सिस्टरांनी पट्ट्यांची पिशवी माझ्या हातात दिली. "दार तुमचं. मी आत डॉक्टरांबरोबर. थांबायचं न्हाई, कुणापाशी बसायचं न्हाई."

पहिला टेम्पो आला आणि मागोमाग मोटारसायकली. शेतकरी झालेली पोरं, मोर झालेल्या पोरी, जरीची लुगडी, तुटलेले गजरे, रडारड. मी मोजत आणि बांधत गेले. हात मोडलेला, पण बोटं गरम, म्हणजे रक्त पोहोचतंय: पिवळी. डोकं फुटलेलं, हाकेला ओ नाही: लाल. चालत आलेल्या तिघी: हिरवी. माझे हात भराभर चालत होते आणि त्याचा मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला सांगू.

मग एका माणसाने सहा-सात वर्षांची मुलगी खांद्यावरून उतरवली. तिच्या अंगावर हिरवं नऊवारी होतं, ओठ लालभडक, गाल गुलाबी. ती गप्प होती. "सिस्टर, मी चुलता हिचा. लागलंबिगलं काय न्हाई, घाबरलीया नुसती. आरोही, बोल की गं." तिने मान हलवली. श्वास चालू होता, जरा भरभर. नाडी लागली. रंग? मी तोंडाकडे बघितलं. रंग चांगला होता. मी पिवळी पट्टी बांधली आणि पुढच्या मुलाकडे वळले.

सिस्टर लाल पट्टीचं मूल आत न्यायला बाहेर आल्या, ओसरीवरून जाताना थांबल्या आणि खाली वाकल्या. त्यांनी आरोहीच्या तळहातावरचा लाल अळता बघितला, नखांना लावलेलं पॉलिश बघितलं. मग हातातल्या ओल्या गॉजने तिचे ओठ पुसले.

लाली निघाली. लालीखालचे ओठ जांभळे होते.

"माने!" त्यांनी मला सिस्टर न लावता हाक मारली, ती तेवढी एकदाच. "सगळ्यांची तोंडं पुसा! पावडर, लाली, सगळं! आन् ही आत."

आम्ही तिला उचललं आणि दारापर्यंत पोहोचायच्या आत तिची छाती हलायची थांबली. कापडाखाली गुदमरलेलं मूल, श्वास घेऊन घेऊन थकलं होतं. मी मानेला बोटं लावली. नाडी होती, अगदी पुसट.

"लागती?"

"लागती."

सिस्टरांनी मास्क तोंडावर दाबून धरला. साळुंखे डॉक्टरांनी मास्कला जोडलेला हवेचा फुगा दाबला. सिस्टर मोजत होत्या, बाजारात लिंबं मोजणाऱ्या बाईसारख्या शांत. एक. दोन. चुलता दाराची चौकट धरून उभा होता. तीन. माझ्या बोटांखालची नाडी काही वाढत नव्हती. चार. बाहेरून कोणीतरी मला हाका मारत होतं. पाच.

आरोहीला ठसका लागला. मग ती रडली. बारीक, चिरका आवाज. सिस्टरांनी मास्क सैल केला, ऑक्सिजन लावायला सांगितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जावा. दार मोकळं हाय."

त्या दिवशी दोन मुलं गेली. आरोही सांगलीच्या रुग्णालयात आठवडाभर राहून घरी परतली.

पुढच्या बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, त्या मुलीला आधी पिवळी पट्टी कोणी बांधली? नोंदवहीत माझं नाव होतंच. सिस्टर उठल्या. "रंगवलेलं तोंड आधी पुसायचं, हे मी शिकवलंच न्हवतं. मला बी कुणी शिकवलं न्हवतं. चूक शिकवणारीची." विषय तिथेच संपला. मी नोंदवही मिटली. सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि ते वाटल्याची लाज पुढे वर्षभर गेली नाही.

वर्षभराने सिस्टर आजारी पडल्या, तेव्हा मी विट्याला त्यांच्या घरी गेले. बोलताना त्यांना धाप लागत होती. फलटणला पुढचं प्रशिक्षण होतं. "ते तुमी घ्या," त्या म्हणाल्या. मी वही काढली. त्यांनी हातानेच थांबवलं. "आरोहीचं सांगणार न्हवं?"

"सांगणार की. तुम्ही ओठ कसे पुसले ते."

"माझं नका सांगू. मी पुसलं हे ऐकून माणसं वा वा करत्यात आन् घरी जात्यात. तुमी काय बघितलं ते सांगा."

महिन्याभरात त्या गेल्या. मला कळलं ते फलटणला निघायच्या आदल्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी चाळीस डॉक्टर आणि नर्स समोर बसले होते. मंडप, वारा, टेम्पो, नऊवारीतली मुलगी, सगळं सांगत मी तिच्या रंगापाशी आले. पुढच्या रांगेतली एक तरुण नर्स खाली मान घालून भराभर लिहून घेत होती.

"तिला पिवळी पट्टी मी बांधली होती," मी म्हणाले.

तिचं पेन थांबलं आणि तिने वर बघितलं.