लाल रंगातली दोन अक्षरं

भाऊजींनी भिरकावलेली स्टीलची वाटी नर्सबेनच्या कपाळावर बसली, भिंतीवर आपटली आणि गरगरत कॉटखाली गेली. वाटीतलं गोड सिरप भिंतीवरून ओघळलं. त्या बिचारीचा गुन्हा एवढाच की ती म्हणाली होती, "काका, दवा पी लो ने." डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हणून सांगितलं, आणि भाऊजींना बडोद्याच्या समा भागात ताईच्या घरी आणून चार दिवस झाले होते. यकृत पार गेलं होतं, मधूनमधून भान सुटायचं, माणसं ओळखू यायची नाहीत. पण 'दवा' हा शब्द कानावर पडला की हा माणूस उशीवरून उसळायचा. "दवा नाही! झेर म्हणा, झेर!" झेर म्हणजे गुजरातीत विष. ताई नर्सच्या कपाळाला पदर लावून रडत होती, आणि मी... सांगायला लाज वाटते, मी हसलो. अंगात इतका जोर आहे म्हणजे अजून आठ-पंधरा दिवस काढतील, असं वाटलं मला. त्या वाटीपासून सहाव्या दिवशी गेले. अरविंद घाटगे, माझ्या ताईचे यजमान, शेतमजुरांची शाळा काढणारे. त्याला आता महिना होऊन गेला. श्रद्धांजलीच्या छोट्या जाहिरातीत कुणीतरी 'मनमिळाऊ स्वभावाचे' असं छापून आणलं. मनमिळाऊ! बडोद्यात भाऊजींच्या हातचा मार खाल्लेली निदान डझनभर माणसं असतील, त्यांनी ते वाचून कपाळावर हात मारला असेल.

त्यांचे वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. घरात बोलण्याआधी हात चालायचा, तो वारसा भाऊजींनी इमानानं चालवला. शेतीचा डिप्लोमा केला आणि बाजार खुला होऊन नव्या नव्या कंपन्या गावोगाव शिरल्या, त्यांतल्या एकीत लागले. काम असं की गावात जायचं, पाठीवर फवारणीचा पंप चढवायचा, पिकावर मारून दाखवायचं. रुबाबदार दिसायचे. रस्त्यावर शिकलेली गुजराती फर्डी होती. "एक ढांकणुं दवा नाखो, रोग मटी जशे!" म्हणायचे, एक झाकण दवा टाका, रोग बरा होईल, आणि पारावर बसलेली माणसं माना डोलवायची. तेव्हा माझं खत-बियाण्यांचं दुकान नवं होतं. भाऊजी गावात बोलून यायचे आणि दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर गर्दी व्हायची. आपल्याकडेही पिकावर 'औषध' मारतात, तिकडे 'दवा' मारतात. त्यात काही वावगं आहे असं मला तरी कधी वाटलं नव्हतं.

बडोद्याबाहेर, हरणीच्या पलीकडच्या एका गावात मंजुबेन नावाची शेतमजूर बाई राहायची. तिची सहा वर्षांची मुलगी कोकिळा तापानं फणफणली होती. मंजुबेन कामावर गेलेली. घरात सासू. खोपटाच्या कोनाड्यात मालकाच्या शेतातून आणून ठेवलेली बाटली होती. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण आठवड्यापूर्वी त्या पँटवाल्या भाईनं सगळ्या गावासमोर काय सांगितलं ते तिनं नीट ऐकलं होतं. एक ढांकणुं दवा... रोग मटी जशे. तिनं नातीला मोजून एक झाकण पाजलं. मंजुबेन परत येईपर्यंत पोर तोंडाला फेस येऊन, तडफडून गेली होती. ती बाटली माझ्या दुकानातली होती.

भाऊजी दुसऱ्या दिवशी त्या गावात गेले. जाऊ नका म्हणून मी स्कूटर अडवली, तर मला ढकलून गेले. मग मीही मागोमाग गेलो. मंजुबेन अंगणात बसली होती. त्यांना पाहून उठली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "भाई, तमे ज कह्युं'तुं ने, दवा छे?" तुम्हीच दवा म्हणाला होतात ना, असं. भिंतीला पंप टेकवलेला होता, त्याची पितळी नळी तिनं उपसून काढली आणि त्यांच्या तोंडावर मारली. एकदा नव्हे. मी मोजले नाहीत. वर्कशॉपच्या फिटरचा पोरगा, रस्त्यात कुणी डोळे वटारले तर कॉलर धरणारा, तो हात खाली सोडून उभा राहिला. समोरचे दोन दात मातीत पडले. नळी वाकल्यावर ती थांबली. पोलिसांना त्यांनी स्कूटरवरून पडलो असं सांगितलं. कंपनी म्हणाली, बाटलीवर 'विष' असं छापलेलं होतं. छापलेलं होतंच, मुंगीएवढ्या इंग्रजीत.

नोकरी त्याच आठवड्यात सुटली. ते दात त्यांनी पुन्हा कधी बसवले नाहीत. ताईनं रडून पाहिलं, माझ्या आईनं शपथा घातल्या. काही महिने ते नुसते घरात बसून होते, आणि मग एक दिवस लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन माझ्या दुकानात आले. गिऱ्हाइकांच्या देखत कपाटातली एकेक बाटली काढायची आणि तिच्यावर गुजरातीत दोन अक्षरं ओढायची... झेर. मी आधी हात जोडले, मग डबा हिसकावला. त्यांनी काउंटरची काच फोडली. आणि मी माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. रक्त आलं. ते मनगटानं पुसून भाऊजी म्हणाले, "सुधीर, मंजुबेनचा हात याच्यापेक्षा जड आहे." आणि पुढची बाटली उचलली. त्यानंतर तीन वर्षं आम्ही बोललो नाही. आज सांगतो, काचेचा राग नव्हताच मला. ती बाटली कुणी विकली हे त्या कपाटासमोर आम्हा दोघांनाच माहीत होतं.

हरणीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी शाळा काढली. जमीनमालकांना तिथे मज्जाव होता. "जमीन मालकाची असेल, पण पिकाला हात मजुराचा लागतो. शिकवायचं ते हाताला," असं त्यांचं म्हणणं. निंबोळीचा अर्क कसा काढायचा, खताचा ढीग कसा रचायचा, कुठला किडा आपला आणि कुठला पिकाचा वैरी, विष मारावंच लागलं तर वारा कुठल्या बाजूचा पाहायचा. हे सगळं शिवीगाळ करत शिकवायचे. कुणी चुकून 'दवा' म्हणालं की खडू थेट डोक्यात. वर्षभरानं एका सकाळी मंजुबेन दारात येऊन उभी राहिली. आत बसलेल्या बायका चपापल्या. ती म्हणाली, "मने वांचतां शीखवो. बाटली पर शुं लख्युं छे, ए." बाटलीवर काय लिहिलंय ते तिला वाचायचं होतं. भाऊजींनी पाटी पुढे केली. पहिला शब्द तिनं गिरवला तो झेर.

ती झपाट्यानं शिकली. दोन वर्षांत ती इतरांना शिकवू लागली. पण शाळा तिच्या हाती गेली ती वेगळ्याच कारणानं. एका बड्या शेतकऱ्यानं तोंडाला फडकं न देता फवारायला सांगितलं, शाळेतली एक बाई नाही म्हणाली, म्हणून त्यानं तिला बांधावर लाथेनं तुडवली. हे कळताच भाऊजी गेले आणि त्या माणसाला त्याच्याच ओट्यावर असा बदडला की त्याची बरगडी मोडली. विजयी वीरासारखे परत आले. मंजुबेन शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "तमे मारो छो, ने मजूरी अमारी जाय छे," ती म्हणाली. "बेसो हवे." आणि ते बसले! दुसऱ्या दिवसापासून आसपासच्या चार गावांतल्या बायका त्याच्या शेतात पाऊल टाकेनात. ओरडा नाही, मोर्चा नाही. बोंडअळी कपाशी खात राहिली. नवव्या दिवशी तो छातीला पट्टा बांधून शाळेत आला, त्या मार खाल्लेल्या बाईसमोर उभा राहिला आणि फडकं, हातमोजे, सगळं कबूल करून गेला. तो गेल्यावर भाऊजींनी स्वतःची खुर्ची उचलली आणि मंजुबेनच्या मागे नेऊन ठेवली. तेव्हापासून शाळा तिची. भाऊजी विद्यार्थ्यांत मागच्या रांगेत बसायचे आणि तिच्या शिव्या खायचे. मला समेटाचं बोलावणंही तिनंच धाडलं. आता माझ्या दुकानातल्या दर बाटलीवर लाल अक्षरं असतात. शाळेतल्या बायका येऊन काढतात, मी डबा धरून उभा राहतो.

तर ती वाटी... नर्सबेन गेली ती परत आली नाही. दोन दिवस भाऊजींनी कुणाच्या हातून थेंब घेतला नाही. ताईचा हात चावला, माझ्या तोंडावर थुंकले. त्या सिरपवाचून भान आणखी सुटत जाणार, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटी मी मंजुबेनला बोलावलं. ती आली, पिशवी खाली ठेवली आणि सिरपची बाटली डोळ्यांजवळ नेऊन वरचं सगळं छापील वाचलं. मग पिशवीतून तोच लाल डबा काढला. ती कॉटच्या कडेला बसली आणि त्यांना दिसेल अशी बाटली धरून सावकाश दोन अक्षरं काढली.

दवा.

त्या शाळेच्या फळ्यावर हा शब्द कधी लिहिला गेला नव्हता. पुढे मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिनंही तो जन्मात पहिल्यांदाच लिहिला. भाऊजींनी बोट पुढे करून ओल्या अक्षरावर टेकवलं.

"तें लख्युं?" तू लिहिलंस का, असं विचारलं.

"हा भाई, में लख्युं. आ दवा छे. पी लो."

त्यांनी आ केला. पुढच्या दोन दातांची ती जागा उघडी पडली. तिनं तिथूनच चमचा आत घातला. एक थेंब सांडला नाही. त्यानंतर चार दिवस ते तिच्या हातून मुकाट्यानं पीत राहिले. तिरडीवर ठेवताना त्यांचं बोट लालच होतं, आंघोळ घालूनही निघालं नाही.

बाटली ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. तळाशी थोडं सिरप उरलंय, त्याला मुंग्या लागतात, म्हणून ताई ती पाण्याच्या बशीत ठेवते. परवा गेलो तेव्हा हातात घेऊन पाहिली. पहिलं अक्षर ठसठशीत आहे. दुसरं मधोमध पुसटलंय, आणि तिथे त्यांच्या बोटाचा ठसा वाळलाय.