काल काय केलतंस?

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात सात रस्त्याला रिक्षातून उतरत होते. ती रडत नव्हती. फक्त म्हणाली, "वन्सं, ह्यांचं थांबलं ओ…" आमच्या घरात 'थांबलं' हा शब्द इंजिनासाठी वापरायचे. महिना उलटला, तरी तो कानातून जात नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. अक्कलकोटच्या अलीकडे आमचं गाव, आणि रस्त्याला लागून त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मला तो 'तंगी' म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती त्याच्यामुळे. बारावीनंतर वडिलांनी स्थळं बघायला काढली तेव्हा तो जेवता जेवता एवढंच म्हणाला, "तिचं शिकून होईस्तोवर पावणं आणायचं न्हाय." वडिलांनी पुन्हा विषय काढला नाही. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मला एसटीत बसवून, गाडी वळेपर्यंत तो फाट्यावर उभा होता.

गॅरेजात त्याचा एक नेम होता. कारण कळल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "काल काय केलतंस?" लोक चिडायचे. "मी कशाला काय करतोय? आपोआप बिघडलंय की!" त्यावर अण्णाचं उत्तर ठरलेलं, "आपोआप फकस्त केस पिकत्यात."

एका उन्हाळ्यात मी सुट्टीला आले होते. दुपारी आमच्या गल्लीतला सिद्राम, धूर फार येतो म्हणून ट्रॅक्टर घेऊन आला आणि दारातच उभ्या उभ्या इंजिनाचा आवाज चढायला लागला. ॲक्सिलरेटरवर कुणाचा पाय नव्हता. सिद्रामनं बंद करायची दांडी ओढली, तरी आवाज वाढतच गेला. निळसर धुरानं अंगण भरलं, पत्रे थरथरायला लागले, लोक लांब पळाले. "डिझेलची नळी तोडा!" कुणीतरी ओरडलं. अण्णा धुराचा वास घेत म्हणाला, "डिझेल कवाच बंद झालंय. ह्ये दुसरंच कायतरी पितंय!" दाराआड खिळ्याला एक पाट टांगलेला असायचा, आईच्या देवघरातला, खालून ट्यूबचं रबर ठोकलेला. त्यावर बसायची कुणाला परवानगी नव्हती. अण्णानं तो काढला, बॉनेटवर हवा आत घेणाऱ्या नळीचं टोपण उपटलं आणि पाट तिच्या तोंडावर दाबून धरला. इंजिन घुसमटलं, ट्रॅक्टर दोनदा हादरला… आणि थांबला.

अण्णा घाम पुसत पायरीवर बसला. "हां. काल काय केलतंस?"

"काय न्हाय, अण्णा."

"सिद्राम, तुझं तोंड सांगतंय."

"रानात धुरळा लई… म्हणून एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल घातलं. काठोकाठ."

ती वाटी धूळ धरण्यासाठी असते. तिच्यात खुणेपर्यंतच तेल घालायचं. जास्त झालेलं तेल हवेबरोबर ओढलं गेलं होतं आणि इंजिन त्याच्यावरच भडकत होतं. "काठोकाठ!" अण्णा म्हणाला. "मायेनं वाढायला तूप हाय व्हय रं त्ये?" सिद्रामसकट सगळे हसले.

गेल्या दिवाळीनंतर अण्णाला दम लागू लागला. मी त्याला सोलापूरला आणून मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, ते म्हणाले. कशामुळे? डॉक्टर प्रामाणिक होते. अशा आजारात पुष्कळदा कारण सापडत नाही, म्हणाले. बाहेर आल्यावर अण्णा जिन्यातच बसला. "कारण सापडत न्हाय म्हंजी नीट बघितलं न्हाय, तंगी." म्हणून आम्ही दुसरीकडे गेलो, तिसरीकडे गेलो. सगळीकडे तेच. कारण नाही आणि उपायही नाही.

शेवटी मी माहेरीच जाऊन राहिले. तो गॅरेजाकडच्या खिडकीपाशी खाटेवर, नाकाला ऑक्सिजनची नळी. दिवसभर आढ्याकडे बघत मागचं सगळं तपासत बसायचा. धूर, वेल्डिंग, तरुणपणी ओढलेल्या चार बिड्या… एका दुपारी नळी बाजूला करून त्यानं विचारलं, "तंगी, मी काय केलतं गं?"

"काही नाही, अण्णा. आपोआप झालंय."

आता तो केसांचं बोलेल, म्हणून वाट बघत राहिले. त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली.

त्यानंतर आठवडाभरात नोकरीवरची रजा वाढवून घ्यायला मी सोलापूरला आले, आणि वहिनीचा फोन आला.

परवा गॅरेज उघडलं. पाट दाराआड तसाच आहे. वहिनी म्हणाली, "आत न्या की, बसायला हुईल." माझ्याच्यानं तो खिळ्यावरून निघाला नाही. रबरावर नळीच्या तोंडाचा गोल वळ उमटलाय. त्याच्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभी राहिले. श्वास कोंडायला आमच्या घरात पाट होता. श्वास द्यायला काही नव्हतं.